चौथं पान कुठून आलं?

कडेगावात दुपार टळायला लागली, कऱ्हाड-विटा रस्त्यावरची वर्दळ जरा कमी झाली, की आमचे मामा चहाचा ग्लास बाजूला सारतात आणि सदऱ्याच्या खिशातून पत्ते काढतात. अख्खा कॅट नव्हे, चारच पानं. "बघ रं नीट," म्हणतात आणि पानं पालथी धरून एका हातातून दुसऱ्या हातात घेत मोजतात. एक, दोन, तीन, चार. चारही पाठी निळ्या. मी मोजल्या, शेजारच्या बाकावरच्या दोघांनी मोजल्या. मग मामा तळातलं पान ओढून बाकावर टाकतात. त्याची पाठ लालभडक.

रुमाल नाही, फुंकर नाही, बाही झटकणं नाही. उरलेली तीन पानं हातात घेऊन उलटसुलट करून पाहावीत, तर ती साधी, निळी. एकूण पानं चारच. म्हणजे लाल पान पहिल्यापासून त्या चारांत होतं आणि तरीही आम्ही सगळ्यांनी निळ्या पाठी चार मोजल्या. निळी पानं तर तीनच होती. मग चौथी निळी पाठ आली कुठून?

पहिलीच परत आली. तेच पान आम्ही 'एक' म्हणून मोजलं आणि तेच 'चार' म्हणूनही मोजलं. लाल पान मात्र एकदाही मोजलं गेलं नाही. हे डोळ्यांपासून हातभर अंतरावर, भर उजेडात घडतं, आणि कसं घडतं ते कळल्यावर माझं आश्चर्य कमी न होता वाढलं. म्हणून ते सगळं उलगडून सांगावंसं वाटतं.

मामांच्या हाताकडे जवळून पाहू. उजव्या हाताचा अंगठा वर, तर्जनी आणि मधलं बोट खाली, अशा चिमटीत चारही पानं उजव्या लांब कडेच्या मध्यावर धरलेली असतात. लाल पान वरून तिसरं. डावा अंगठा सगळ्यात वरचं पान ओढून डाव्या हातात घेतो. एक. इथवर सगळं प्रामाणिक. आता डावा हात दुसरं पान न्यायला परत येतो, आणि सारी करामत या परतीच्या फेरीत आहे. उजवा अंगठा वरची दोन पानं, एकावर एक तंतोतंत बसलेली, मिळून किंचित डावीकडे सरकवतो. तळाचं पान खालच्या बोटांनी जागेवर रोखून धरलेलं असतं. डावा हात ती जोडी एकच पान असल्यासारखी घेतो आणि त्याच हालचालीत, त्याच क्षणी, आपल्याकडचं पहिलं पान उजव्या हातातल्या पानाखाली सोडून देतो. दोन. मग 'तीन' म्हणताना जातं ते मुळातलं चौथं पान. आणि 'चार' म्हणताना जातं ते पहिलं, आत्ताच गुपचूप परत आलेलं.

कागदावर मांडलं तर प्रेक्षकाला दिसतं ते असं: १, २, ४, १. तिसरं पान दुसऱ्याखाली झाकून जातं आणि मोजणी संपते तेव्हा तळाशी जाऊन बसतं. मामा तळातलंच पान ओढतात ते त्यासाठी.

यात मला सगळ्यात मोहवणारी गोष्ट वेगळीच आहे. 'दोन' म्हटल्याबरोबर मामांना थांबवलं आणि डाव्या हातातली पानं तपासली, तर ती दोनच भरतात. उजव्या हातातली तपासली, तर तीही दोनच. 'तीन'ला थांबवा, डावीकडे तीन, उजवीकडे एक. कुठल्याही टप्प्यावर संख्या चुकत नाही. चुकते ती ओळख: कोणती दोन, कोणती तीन. आकडा शेवटपर्यंत खरा राहतो आणि त्या खऱ्या आकड्याच्या आडोशाने एक पान नाहीसं होतं. हे ज्या माणसाला सुचलं त्याच्या बुद्धीपुढे मी मनापासून हात जोडतो.

त्या माणसाचं नाव अ‍ॅलेक्स एल्म्सली (१९२९–२००६). स्कॉटलंडचा, केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र आणि गणित शिकलेला, पुढे संगणकाच्या कामात रमलेला. जादू हा त्याचा पोटापाण्याचा धंदा कधीच नव्हता. १९५०च्या दशकात त्याने ही मोजणी बसवली आणि तिला 'घोस्ट काउंट' असं नाव दिलं. जग तिला 'एल्म्सली काउंट' म्हणतं. तिचं खरं तेज दाखवलं ते कॅनडात जन्मलेल्या डाय व्हर्ननने (१८९४–१९९२). 'ट्विस्टिंग द एसेस' या त्याच्या खेळात चार एक्के पालथे असतात आणि पानांना नुसता पीळ दिल्यासारखं करून मोजलं की त्यातला एकेक एक्का उताणा झालेला दिसतो: आधी एक, मग दुसरा, मग तिसरा. १९६० साली तो छापून आला, आणि आजही चार पानांचे खेळ शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच वाटेने जातो. एल्म्सलीच्या कितीतरी आधी कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स जॉर्डनने (१८८८–१९४४) याच कुळातली एक मोजणी शोधली होती. तिच्यात पानांची अदलाबदल 'दोन'ऐवजी 'तीन' म्हणताना होते.

या कुळात आणखी भावंडं आहेत. एकीत तळाचं पान बोटांच्या टोकांनी हलकेच वाकवतात. तेवढ्याने त्याच्या आणि वरच्या पानांमध्ये फट पडते, आणि वरचा सगळा गठ्ठा एक पान म्हणून सरकवता येतो. सहा पानं चार म्हणून मोजायची असली की हिचा उपयोग. दुसरी ब्रदर जॉन हॅमन या ख्रिस्ती धर्मसंघातल्या शिक्षकाच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात मोजता मोजता एका हातातला गठ्ठा आणि दुसऱ्या हातातला गठ्ठा यांची सरळ अदलाबदल होते, आणि पाच लाल पानं दहा लाल पानं म्हणून खपून जातात. टॉमी टकर नावाच्या अमेरिकन जादूगाराचा एक गाजलेला खेळ होता. सहा पानं मोजायची, तीन फेकून द्यायची, उरलेली मोजावीत तर पुन्हा सहा. परत तीन फेका, परत सहा. तिथे फसवणूक उलट्या दिशेने चालते: हातात मुळात जास्त पानं असतात आणि प्रत्येक वेळी ती कमी मोजली जातात. पण चार पानांतली ती एल्म्सलीची जागा मला या सगळ्यांहून सुंदर वाटते, कारण तिच्यात एकही पान जास्तीचं नाही आणि एकही कमी नाही.

आता खरा प्रश्न. आपल्याला ते दिसत का नाही?

चार हा आकडा काही मोठा नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हा इंग्लंडचा अर्थशास्त्रज्ञ. त्याने १८७१ साली 'नेचर'मध्ये आपल्यावरच केलेल्या एका प्रयोगाची हकिकत छापली. मूठभर काळ्या बिया एका डबीकडे फेकायच्या आणि डबीत किती पडल्या ते न मोजता, एका नजरेत सांगायचं. हजाराहून अधिक वेळा त्याने हे केलं. तीन किंवा चार बिया पडल्या तेव्हा तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या. पुढच्या मानसशास्त्रज्ञांनीही साधारण हेच पाहिलं: चारपर्यंतची संख्या माणसाला मोजावी लागत नाही, ती नुसती दिसते.

मग ज्या आकड्यावर डोळा सहसा हुकत नाही, नेमक्या त्याच आकड्यावर तो का फसावा? कारण जेव्हन्सच्या बिया एकाच वेळी समोर होत्या. मामांची पानं एकामागून एक येतात. चार पानं बाकावर पसरून ठेवा, लाल पान लहान मूलही दाखवेल. ती हातातून हातात जाऊ लागली की कोणत्याही क्षणी आपल्याला चार पानं दिसतच नाहीत. दिसतं एक पान, त्याच्या आधी दिसलेल्याची आठवण, आणि तोंडातून आलेला आकडा. बघण्याचं काम आठवणीकडे गेलं की तिथे फट पडते.

त्यात पाठी सगळ्या सारख्या. मोजायचं म्हणजे प्रत्येक वस्तूला एकदा आणि एकदाच आकडा द्यायचा. हा नियम आपण इतक्या लहानपणी आत्मसात केलेला असतो की तो नियम आहे हेच विसरलेलो असतो. बालवाडीतलं पोर चिंचोके मोजताना एकाच चिंचोक्याला दोनदा बोट लावतं आणि पाचांचे सहा करतं. बाई त्याला मोजलेला चिंचोका बाजूला सारायला शिकवतात. पान बाजूला सारल्यासारखं दिसावं आणि सारलं जाऊ नये, एवढंच एल्म्सलीच्या मोजणीत होतं. पानांना चेहरे असते, म्हणजे ती उताणी धरून बदामची राणी, किलवरचा गुलाम, इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री अशी मोजली असती, तर राणी दोनदा आल्याचं कुणीतरी लगेच ओरडलं असतं. एकसारख्या पाठीला नाव नसतं. नाव नसलेली गोष्ट पुन्हा आली तर ती नवी वाटते.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे ताल. मामांचं 'एक, दोन, तीन, चार' ऐका. चारही आकडे सारख्या अंतरावर पडतात, आणि प्रत्येक आकड्याला पानाच्या कडेचा सारखाच आवाज होतो. आपण पानं मोजतोय असं आपल्याला वाटत असतं. प्रत्यक्षात आपण ठोके मोजत असतो. आकड्यागणिक ठोका पडतोय तोवर मन निर्धास्त असतं. दुसऱ्या ठोक्याला जरासा जरी खंड पडला, तरी समोरच्याला काय झालं ते सांगता येत नाही, पण काहीतरी झालं हे कळतं. म्हणून ही मोजणी शिकणारे आधी खरी मोजणी शिकतात. चार पानं प्रामाणिकपणे मोजताना आपले हात कसे चालतात, डावा हात किती मागे जातो, अंगठा कुठे टेकतो, हे आरशासमोर बसून पाहतात. नंतर खोटी मोजणी त्या खरीवर बेतायची. घाईने हात चालवून हे झाकता येतं असा समज आहे. तो चुकीचा आहे. वेग वाढला की संशय वाढतो. उत्तम हात जवळजवळ आळसावल्यासारखा चालतो.

ही हातचलाखी फार पूर्वी एका शास्त्रज्ञानेही निरखली. बुद्धिमापन चाचणीमुळे ज्याचं नाव सर्वांना माहीत झालं तो फ्रान्सचा अल्फ्रेड बिने १८९०च्या दशकात जादूगारांच्या मागे लागला होता. चित्रपट अजून जन्माला यायचा होता. जॉर्ज दमनी या सहकाऱ्याच्या मदतीने त्याने जादूगारांच्या हातांची लागोपाठ छायाचित्रं टिपली. एकेक छायाचित्र सुटं पाहिलं की चमत्कार गळून पडत होता आणि पान कुठे दडलंय ते सरळ दिसत होतं. म्हणजे भ्रम एखाद्या स्थिर क्षणात नव्हताच. तो दोन क्षणांमधल्या ओघात होता. आज कुणीही मोबाइलवर मोजणीचं चित्रण करून ते संथ गतीने पाहू शकतं. जरूर पाहावं. दोन पानांची जोडी सरकताना स्पष्ट दिसते आणि मग चित्रण पुन्हा नेहमीच्या गतीने लावलं की, सगळं ठाऊक असूनही, चार निळ्या पाठी दिसतात. कळणं आणि दिसणं ही दोन कामं डोक्यात दोन वेगवेगळ्या जागी होत असावीत असं तेव्हा वाटतं.

२००६ मध्ये गुस्ताव्ह कून आणि मायकेल लँड यांनी ब्रिटनमध्ये केलेला प्रयोग याच वाटेवरचा. जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो. तिसऱ्यांदा नुसता हात उडवतो आणि नजर वर नेतो. चेंडू मुठीतच असतो. तरीही पाहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी चेंडू वर जाताना आणि हवेत विरताना पाहिल्याचं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मात्र उपकरणाने टिपलेल्या होत्या, आणि डोळे त्या नसलेल्या चेंडूमागे गेलेच नव्हते. डोळे फसले नाहीत, माणूस फसला. दोनदा जे झालं ते तिसऱ्यांदाही होणार, हे मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं. 'एक' खरं होतं, म्हणून 'दोन'ही खरं, हा मामांच्या चार पानांतला हिशेब याहून निराळा नाही.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना मोजणीतली ही फट चांगली ठाऊक होती, असं मला वाटतं. शाळूची रास मापताना मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, आणि मग दोन, तीन असं सुरात पुढे जातो. प्रत्येक आकडा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. माप चालू असताना आजोबा कुणाला बोलू देत नसत. मापलेलं धान्य लगेच पोत्यात, न मापलेलं राशीत, मध्ये काही रेंगाळायचं नाही. मोजलेलं आणि न मोजलेलं यांत उघड अंतर ठेवायचं, हाच तो बालवाडीतला नियम, खळ्यावर पाळलेला.

नोटांच्या बाबतीत हा नियम मोडला की फटका बसतो. नोटा मोजून देतो म्हणत पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाने गड्डीतल्या नोटा लांबवल्याच्या बातम्या आपण वाचतो. एक साधी युक्ती अशी की गड्डीत एखादी नोट मधोमध दुमडून सरकवलेली असते. तिची दोन्ही टोकं अंगठ्याखालून जातात आणि एक नोट दोन म्हणून मोजली जाते. गड्डी फिरवून दुसऱ्या बाजूने मोजली, की त्या बाजूला ती नोट नसतेच आणि आकडा लगेच कमी भरतो. नाहीतर एकेक नोट टेबलावर सोडून मोजावी. हातातून हातात मोजणं आणि टेबलावर सोडत मोजणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आता वाचकाच्या लक्षात आलं असेलच.

पत्त्यांच्या हातचलाखीचीही दोन घराणी, एक लुबाडणारं, एक रमवणारं. जुगाराच्या टेबलावरच्या लबाडीचं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक १९०२ साली शिकागोत निघालं, 'द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल'. लेखकाचं नाव छापलंय एस. डब्ल्यू. एर्डनेस, आणि हा माणूस खरा कोण यावर आजही वाद चालू आहेत. त्या पुस्तकातली बोटं पैसे काढण्यासाठी चालतात. मामांची बोटं चार माणसांना चकित करण्यासाठी चालतात, आणि समोरच्याला तो चकित होणार हे आधीच माहीत असतं. कौशल्य एकच असलं तरी या दोहोंना मी एका पंक्तीला बसवणार नाही.

मोहरमला ताबुतांच्या गळाभेटी पाहायला कडेगावात गर्दी लोटते. अशा गर्दीत किंवा आसपासच्या जत्रांत जादूचे पत्ते विकणारा हमखास भेटतो. त्याच्या कॅटमध्ये अर्धी पानं एकच असतात, सगळी बदामची सत्ती म्हणा, आणि ती किंचित आखूड कापलेली असतात. अंगठा एका दिशेने फिरवला की सगळी पानं वेगवेगळी दिसतात, दुसऱ्या दिशेने फिरवला की सगळ्या सत्त्या. मजेचा खेळ आहे, मुलांना जरूर घेऊन द्यावा. पण तिथे जादू पानात आहे. एल्म्सलीच्या मोजणीत पानं किराणा दुकानातलीही चालतात.

तरी पानाच्या घडणीचा वाटा आहेच. आजचं पान जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीचं असतं. दोन मिळून ०.६. एवढा फरक हलत्या हातात कळत नाही, आणि सरळ कडा बोटांत जुळवल्या की जोडी एकजीव होते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा हातात घेऊन पाहिली की हे फार छान उमगतं. १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, सगळी गोल, हाताने रंगवलेली आणि लाखेचा लेप दिलेली. देखणी किती, पण गोल पानाला चिमटीत धरायला सरळ कड नाही, आणि लेप चढलेल्या दोन पानांची जाडी लपत नाही. ही मोजणी पातळ, चौकोनी, छापील पत्त्यांच्या जगातच जन्मू शकली असती.

महाराष्ट्रात जादू म्हटलं की पुण्याच्या जादूगार रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांचं नाव येतं. मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी ती परंपरा पुढे चालवली. ती रंगमंचाची जादू. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसेल अशी. चार पानांची जादू शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. तिला बाक लागतो, चहा लागतो आणि गुडघ्याला गुडघा लावून बसलेले तीन-चार जण लागतात. म्हणूनच ती आमच्यासारख्या गावात छान जगू शकते, आणि ती शाळांशाळांतून शिकवली जावी असं मला फार वाटतं. गणिताच्या तासालाच शिकवावी.

गणिताच्या तासाला का, तर पुन्हा एल्म्सलीमुळेच. मोजणी खोटी करण्याची सर्वांत देखणी युक्ती शोधणाऱ्या या माणसाने पत्त्यांतला एक अगदी खरा हिशेबही शोधून ठेवला आहे. ५२ पानांचे २६-२६ असे दोन भाग करायचे आणि एक इकडचं, एक तिकडचं असं तंतोतंत आलटून पालटून मिसळायचे. पिसणारे मुरलेले हात हे एका झटक्यात करतात. आपण सतरंजीवर बसून एकेक पान ठेवत केलं तरी चालतं. यात दोन प्रकार. सगळ्यात वरचं पान मिसळल्यावरही वरच राहिलं तर 'बाहेरची' पिसणी, ते दुसऱ्या जागी गेलं तर 'आतली'. बाहेरची पिसणी ओळीने आठ वेळा केली की अख्खा कॅट जसाच्या तसा मूळ क्रमाला येतो. आणि वरचं पान हव्या त्या जागी न्यायचं असेल तर त्याच्यावर जितकी पानं हवीत तो आकडा संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत लिहायचा. जिथे १ तिथे आतली पिसणी, जिथे ० तिथे बाहेरची. सहा म्हणजे ११०: आत, आत, बाहेर. पहिल्या पिसणीनंतर त्या पानावर एक पान येतं, दुसरीनंतर तीन, तिसरीनंतर बरोबर सहा. अठरा म्हणजे १००१०. इस्पिकचा एक्का सगळ्यात वर ठेवा, आत, बाहेर, बाहेर, आत, बाहेर अशा पाच पिसण्या करा आणि वरून पानं एकेक करून जमिनीवर सोडत मोजा. अठरा पानं जातील आणि एकोणिसावा एक्का निघेल.